कॉम्प्युटर जोडायला महिना लागणार असेल, तर एसएसडी आजच तपासा

२०२५ संपता संपता रॅम आणि एसएसडीचे, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हचे, भाव चढायला लागले. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटर्सना मेमरी चिपा हव्यात. कारखाने तेवढेच, आणि मोठ्या गिऱ्हाइकाचा माल आधी जाणार. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉन कंपनीने तर ‘क्रुशिअल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला होता, त्यामुळे जुना पीसी बदलायला निघालेली मंडळी नेमकी याच महागाईत बाजारात उतरली.

मग स्वतः पीसी जोडणारे काय करतात? जो पार्ट बऱ्या भावात दिसेल तो उचलून ठेवतात. या महिन्यात एसएसडी, पुढच्या पगाराला प्रोसेसर आणि मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड दिवाळीच्या बोनसनंतर. यात चूक काहीच नाही. फक्त तोवर एसएसडी खोक्यासकट कपाटात पडून राहते, आणि जोडणीच्या दिवशी ती खराब निघाली तर परत द्यायची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

एसएसडीच आधी का तपासायची?

प्रोसेसर किंवा रॅम बिघडलेली असेल तर बहुतेक वेळा पीसी चालूच होत नाही किंवा सारखा अडकतो, म्हणजे गडबड लगेच कळते. एसएसडीचं तसं नाही. बनावट, वापरलेली किंवा हलक्या प्रतीची ड्राइव्हसुद्धा पहिले काही महिने झकास चालते. विंडोज पडतं, गेम चालतो, सगळं आलबेल. ड्राइव्ह निम्मीअधिक भरली, किंवा एखाद्या रात्री लग्नाचं दोनशे जीबीचं शूटिंग त्यात ओतलं, की मग खरं रूप दिसतं.

ऑनलाइन खरेदीत बदलून मिळायची मुदत साधारण सात ते दहा दिवसांची असते. दुकानात ती मालकाच्या मर्जीवर. कोणी म्हणतो ‘आठवड्यात आणा, बघू’, कोणी बिलावरच छापून ठेवतो की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ‘पण वॉरंटी पाच वर्षांची आहे ना?’ आहे, पण ती वेगळी गोष्ट. वॉरंटीत सर्व्हिस सेंटरची फेरी आली, वाट बघणं आलं, आणि बदल्यात मिळणारी ड्राइव्ह दुरुस्त करून नव्यासारखी केलेली असू शकते. कोरी करकरीत वस्तू हवी असेल तर पहिला आठवडा तुमचा.

आत असतं काय?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असायची. एसएसडीत हलणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. या चिपांना नँड फ्लॅश म्हणतात. तोशिबातले अभियंता फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९८७ साली मांडलं. चिपेत अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येकात थोडासा विद्युतभार अडकवून ठेवायचा आणि तो किती आहे हे मोजून माहिती वाचायची.

एका कप्प्यात एकच बिट ठेवायचा तर भार ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढं ओळखलं की झालं. तीन बिट ठेवायचे तर भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. याला टीएलसी म्हणतात. चार बिट ठेवायचे तर सोळा पातळ्या, ती क्यूएलसी. तेवढ्याच चिपेत जास्त माल मावतो म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते. पण सोळा पातळ्यांमधला बारीक फरक सांभाळत लिहायचं तर वेळ लागतो, आणि कप्पे लवकर झिजतात.

या सगळ्यावर कंट्रोलर नावाची एक चिप कारभार करते. कुठली फाइल कुठल्या कप्प्यांत गेली, कुठले कप्पे झिजले, ड्राइव्ह एकूण केवढी आहे, हे सगळं तिच्याच वहीत. विंडोज स्वतः आत डोकावून काही मोजत नाही, कंट्रोलर जे सांगेल ते खरं धरतं. सगळी बनवाबनवी इथूनच सुरू होते. कंट्रोलरला ‘मी दोन टीबीची आहे’ असं खोटं सांगायला शिकवता येतं, आत भले चौसष्ट जीबीच का असेना. त्या चौसष्टपलीकडे गेलेल्या फाइलींची नावं यादीत दिसत राहतात, आतला मजकूर मात्र गायब.

वेग कुठे पळतो?

खोक्यावर वेग लिहिलेला असतो ७,००० एमबी प्रति सेकंद, आणि मोठी फाइल टाकताना मध्येच तो दीड-दोनशेवर येतो. माल बनावट नसतानाही हे होतं.

मुंबईतल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. टाकीत पाणी आहे तोवर नळाला धो धो धार. टाकी रिकामी झाली की पालिकेच्या लाइनीतून येईल तेवढीच करंगळीएवढी धार, आणि वापर थांबल्यावर टाकी हळूहळू पुन्हा भरते. एसएसडीतही अशी टाकी असते. ड्राइव्ह आपल्या रिकाम्या कप्प्यांचा काही भाग एक-बिटवाल्यासारखा वापरते, म्हणून तिथे भराभर लिहून होतं. याला एसएलसी कॅश म्हणतात. ही जागा संपली की थेट तीन किंवा चार बिटांत लिहावं लागतं आणि वेग कोसळतो. ड्राइव्ह निवांत असताना कॅशमधला माल आत नीट रचून ठेवते आणि टाकी पुन्हा तयार होते.

खोक्यावरचा आकडा हा भरलेल्या टाकीचा असतो. चांगल्या टीएलसी ड्राइव्हचा टाकी संपल्यानंतरचा वेगही हजाराच्या आसपास किंवा वर राहतो. स्वस्तातली क्यूएलसी मात्र जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरते. आणि ड्राइव्ह जितकी भरलेली, तितकी टाकी लहान.

क्रिस्टलडिस्कमार्क नावाचा वेग मोजणारा लोकप्रिय प्रोग्रॅम मूळ सेटिंगवर फक्त एक जीबीची फाइल लिहून बघतो. तेवढी कुठल्याही टाकीत मावते. त्यामुळे त्याचा छानसा स्क्रीनशॉट दाखवून कोणी ड्राइव्हची थोरवी गात असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

खोक्यावरचं काय वाचायचं?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एम.२ या शब्दावरून. एम.२ हा फक्त आकार आहे. बहुतेक ड्राइव्हवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्या आकारात जुन्या साटा पद्धतीची ड्राइव्हही येते, जी ५५० एमबीच्या आसपास थांबते, आणि एनव्हीएमई पद्धतीचीही, जी जेन ३मध्ये (जेन म्हणजे पिढी) साधारण ३,५००, जेन ४मध्ये ७,००० आणि जेन ५मध्ये १४,००० पर्यंत जाते. मदरबोर्डाच्या खाचेला दोन्ही चालतीलच असं नाही, म्हणून बोर्डाचं मॅन्युअल आधी उघडायचं. घरच्या पीसीसाठी माझं मत विचाराल तर जेन ४ची टीएलसी ड्राइव्ह पुरे. जेन ५साठी मोजलेले जास्तीचे पैसे बहुतेकांना वापरताना जाणवतही नाहीत. ते रॅममध्ये घाला.

दुसरा आकडा टीबीडब्ल्यू. वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिण्याची कंपनी हमी घेते, तो हा. सॅमसंगच्या ९९० प्रोच्या १ टीबी ड्राइव्हला ६००, तर क्रुशिअलच्या पी३ या क्यूएलसी ड्राइव्हला २२०. रोज ४० जीबी लिहिलं तरी २२० टीबी संपायला पंधरा वर्षं लागतील, म्हणजे झिजेची धास्ती घ्यायचं कारण नाही. तरीही हा आकडा बघायचा, कारण आत क्यूएलसी आहे हे खोक्यावर ठळकपणे सांगायला कंपन्या नाखूष असतात आणि टीबीडब्ल्यू ते न बोलता सांगून जातो. १ टीबीला सहाशेच्या आसपास असेल तर बहुधा टीएलसी, दोन-अडीचशे असेल तर बहुधा क्यूएलसी.

जुन्या रिव्ह्यूवर मात्र विसंबू नका. क्रुशिअलची पी२ बाजारात आली तेव्हा टीएलसी होती, पुढे त्याच नावाने क्यूएलसी विकली गेल्याचं २०२१मध्ये उघड झालं. त्याच वर्षी डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) एसएन५५०मधली चिपही गुपचूप बदलल्याचं निघालं, टाकी संपल्यावरचा वेग आधीपेक्षा बराच कमी. नाव तेच, खोकं तेच.

आणि १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४च्या. ५०० जीबीची ४६५ दिसेल.

लॅमिंग्टन रोडवर

मुंबईतला हा रस्ता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की कॉम्प्युटरच्या दुकानांची रांग लागते. इथे भाव करता येतो, माल हातात घेऊन बघता येतो, आणि ‘बिल पाहिजे का?’ हा प्रश्नही येतो. एसएसडीवर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा बिलाशिवायचा भाव गोड वाटणारच. तरी बिल घ्याच, आणि त्यावर ड्राइव्हचा सिरीयल नंबर लिहून घ्या. ‘शेठ, नंबर टाका बिलावर’ एवढं म्हटलं की पुरतं. जो दुकानदार यावर कुरकुर करतो त्याच्याकडून पेनड्राइव्हसुद्धा घेऊ नये.

पैसे देण्याआधी काउंटरवरच मोबाइल काढून कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाका. वॉरंटी भारतात लागू आहे का, आणि ती आधीच सुरू झालेली नाही ना, हे बऱ्याचदा कळतं. बाहेरून परस्पर आणलेल्या मालाला इथलं सर्व्हिस सेंटर हात लावेलच असं नाही.

खोक्याविना, नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटातली ड्राइव्ह स्वस्तात मिळाली तर ती बहुधा ओईएम माल असते, म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिलेली, किंवा लॅपटॉपमधून काढलेली. ती वाईट असतेच असं नाही. सॅमसंगच्या पीएम मालिकेतल्या काही ड्राइव्ह उत्तम आहेत. पण त्यांना ग्राहकासाठीची वॉरंटी नसते, तेव्हा भावही तसाच हवा.

‘इथेच लावून दाखवतो ना’ असं दुकानदार म्हणाला तर जरूर बघा. त्यातून ड्राइव्ह ओळखली जाते एवढंच सिद्ध होतं. पुढची परीक्षा घरी.

पीसीच नाही, मग तपासायची कशावर?

एनक्लोजर घ्या. एनव्हीएमई ड्राइव्ह आत बसवून यूएसबीने लॅपटॉपला जोडायची छोटी धातूची डबी. घेताना ती एनव्हीएमईसाठी आहे की साटासाठी हे विचारून घ्या, दोन्हीला चालणारीही मिळते. १० जीबीपीएसची असेल तर हजार एमबीच्या जवळपास वेग मिळतो, ५ जीबीपीएसची असेल तर साडेचारशेपर्यंत. खोक्यावरचे ७,००० यातून दिसणार नाहीत आणि ते बघायचेही नाहीत. पीसी झाल्यावर ही डबी जुन्या ड्राइव्हला बाहेरची डिस्क म्हणून कामी येते, त्यामुळे खर्च वाया जात नाही.

घरचा किंवा मित्राचा लॅपटॉप चालेल. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, कारण वीज गेली तरी बॅटरी असते. मुंबईत वीज जात नाही म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा, ग्रिड बसलं आणि अख्खं शहर थांबलं होतं. लिहिता लिहिता वीज तुटणं एसएसडीला मानवत नाही. ड्राइव्हला हात लावण्याआधी नळाला किंवा दुसऱ्या धातूला स्पर्श करा. आपल्याकडच्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज फारशी साचत नाही, पण एसी लावलेल्या कोरड्या खोलीत काळजी घेतलेली बरी.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम उघडा. प्रत्येक ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. नव्या ड्राइव्हवर चालू असल्याचे तास शून्य किंवा एक-दोन, आजवर लिहिलेला डेटा शून्य ते काही जीबी, आणि चालू-बंद केल्याची संख्या अगदी थोडी असली पाहिजे. कारखान्यात चाचणी होते, त्यामुळे काटेकोर शून्यच हवं असा हट्ट नको. पण शेकडो तास आणि टीबीत लिहिलेलं दिसलं तर ती वापरलेली आहे, चर्चा नको. मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबर स्टिकरशी ताडून बघा, स्क्रीनशॉट ठेवा. काही एनक्लोजर ही नोंद पुढे जाऊ देत नाहीत. काहीच दिसलं नाही तर आधी डबीवर संशय घ्या.

आता खरी परीक्षा. ड्राइव्हला पार्टिशन करून फॉरमॅट करा आणि एचटूटेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम चालवा. दिसायला जुनाट आहे, पण काम चोख. तो अख्खी ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून जुळतं का ते बघतो. मॅक किंवा लिनक्स असेल तर हेच काम एफ३ करतो. कंट्रोलर खोटं बोलत असेल तर इथे पकडला जातो, कारण नसलेल्या जागेतून खरा डेटा परत आणून दाखवता येत नाही.

वेळ लागतो. ४०० एमबीच्या वेगाने १ टीबी लिहायला पाऊण तास, वाचायला पाऊण तास. टाकी संपल्यावर वेग शंभरवर आला तर नुसतं लिहिणंच अडीच तासांच्या पुढे जाईल. हे चालू असताना अधूनमधून टास्क मॅनेजरमध्ये लिहिण्याचा वेग बघत राहा. तो कितव्या जीबीला घसरला आणि कुठे स्थिरावला, ती तुमच्या ड्राइव्हची खरी ओळख. टीएलसी म्हणून विकलेली ड्राइव्ह शंभरावर येऊन रेंगाळत असेल तर काहीतरी चुकतंय. वेग पस्तीस-चाळीसच्या वर जातच नसेल तर ड्राइव्हला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून बघा, जोडणी बहुधा जुन्या, संथ यूएसबी २ची झालेली असते.

तापमानावरही लक्ष असू द्या. मे महिन्यातल्या दुपारी, पंखा बंद, डबी गादीवर, असं केलं तर ड्राइव्ह तापते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. टाकी संपल्यामुळे आलेली घसरण आणि तापल्यामुळे आलेली घसरण सारखीच दिसते. डबीबरोबर आलेला थर्मल पॅड (उष्णता डबीकडे नेणारी मऊ पट्टी) लावा, पंख्याखाली फरशीवर ठेवा.

चाचणी संपली की पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो, आणि पुन्हा स्क्रीनशॉट. डेटा चुकल्याच्या नोंदी शून्य असल्या पाहिजेत, आणि लिहिलेल्या डेटाचा आकडा साधारण ड्राइव्हच्या आकाराएवढाच वाढला पाहिजे.

‘एवढं लिहून ड्राइव्ह झिजणार नाही का?’

६०० टीबीडब्ल्यूच्या ड्राइव्हवर एकदा १ टीबी लिहिणं म्हणजे सहाशेतला एक भाग, टक्क्याचा सहावा हिस्सा. रोज करायची गोष्ट नाही, पण एकदा केल्याने काही बिघडत नाही.

‘क्रिस्टलडिस्कइन्फो हेल्थ १०० टक्के दाखवतंय, मग पुरे ना?’

नाही. तो आकडा मुख्यतः किती लिहून झालं यावरून निघतो. चिप मुळातच कमअस्सल असली तरी पहिल्या दिवशी शंभरच दिसणार. शिवाय काही कंट्रोलरच्या कारखान्यातली साधनं बाहेर फिरतात, त्यांनी ही नोंद पुसून शून्यावर आणता येते. म्हणून आधी नोंद, मग पूर्ण भरून वाचणं, मग पुन्हा नोंद.

‘मोठ्या कंपनीची घेतली की झालं’

बनावट मालाचा धोका त्याने कमी होतो, हे खरं. पण घोटाळे मोठ्यांकडेही होतात. २०१९मध्ये एचपी एंटरप्रायझने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता, ३२,७६८ तास चालल्यावर त्या कायमच्या बंद पडणार होत्या. कारण फर्मवेअरमधली चूक. फर्मवेअर म्हणजे कंट्रोलर ज्या सूचनांवर चालतो तो प्रोग्रॅम. २०२३च्या सुरुवातीला सॅमसंगच्या ९९० प्रोची हेल्थ भराभर घसरत होती, तेही फर्मवेअर सुधारून थांबवलं गेलं. फर्मवेअरचं अपडेट एनक्लोजरमधून बऱ्याचदा होत नाही. ते पीसी जोडल्यावर पहिल्याच दिवशी उरका.

‘तपासून पुन्हा दोन महिने ठेवली तर?’

चालेल. वीज न देता ठेवलेल्या एसएसडीतला भार हळूहळू झिरपतो, ही भीती खरी आहे. पण जेडेक या मानक संस्थेचा घरगुती ड्राइव्हसाठीचा निकष असा की, टीबीडब्ल्यू पूर्ण संपलेल्या ड्राइव्हनेही ३० अंश तापमानात बंद अवस्थेत एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. तुमची तर नवीन आहे, आणि जपायला आत काही नाही. दमटपणापासून मूळ पाकिटात ठेवा, बस. हाच निकष उलट बाजूने वाचा: फोटो भरून वर्षानुवर्षं कपाटात टाकायला एसएसडी योग्य नाही.

खराब निघाली तर

एनक्लोजर आणि केबल बदलून तीच चूक पुन्हा येते का बघा. येत असेल तर दोन्ही स्क्रीनशॉट, चाचणीचा निकाल आणि बिल घेऊन मुदतीच्या आत जा. ऑनलाइन घेतली असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ जवळ हवा. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

ड्राइव्हवरचं स्टिकर काढू नका. सिरीयल नंबर त्यावरच असतो आणि ते फाटलं की वॉरंटीवर पाणी. मदरबोर्डाच्या हीटसिंकचा (ड्राइव्ह थंड ठेवणारी धातूची पट्टी) चिकट पॅड एकदा लागला की ड्राइव्ह काढताना स्टिकर बरोबर येऊ शकतं, म्हणून ही सगळी तपासणी हीटसिंक बसवण्याआधी व्हायला हवी. शिवाय चाचणीच्या फाइलींपलीकडे आत तुमचं काहीच नसतं. ना फोटो, ना बँकेचे पासवर्ड. पार्टिशन उडवायचं आणि ड्राइव्ह बिनधास्त दुकानदाराच्या हातात द्यायची.